ऱ्हस्व उकाराची चूक

मी मराठीची बाई. बत्तीस वर्षं वैराग आणि बार्शीच्या शाळांत वह्या तपासल्या, ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापला आणि त्यात कुणाची गय केली नाही. मुख्याध्यापकांच्या नोटिशीतल्या चुकासुद्धा लाल शाईनं दाखवल्यात. निवृत्त झाल्यावर मुलीजवळ राहावं म्हणून सोलापुरात आले, त्याला आता सहा वर्षं झाली. हे सगळं आधी सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात सगळ्यात मोठी चूक माझी आहे, आणि तीही ऱ्हस्व-दीर्घाची. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आमच्या शेजारच्या घरात सावित्रम्मा देठे राहतात. वय सहासष्ट. माहेर तेलुगू, अशोक चौकाकडच्या विणकर घरातलं, सासर मराठी. दोन्ही घरं ख्रिस्ती, रविवारी एकाच चर्चला जाणारी, त्यामुळं सोयरीक जमली. भाषेचं मात्र जमलं नाही. सासूबाई, म्हणजे बजाबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या म्हणे, की पोरी, तुझं ते यंडुगुंडू उंबऱ्याच्या बाहेर, हितं माणसासारखं बोलायचं. सावित्रम्मांनी ते मनावर घेतलं. नवरा अभिमन्यू, मुलगा ऋतुराज, घरात कुणाशीच त्या कधी तेलुगूत बोलल्या नाहीत. पुढं आईवडील गेले, भाऊ भिवंडीला गेला. सासूबाई आणि अभिमन्यूही प्रभूच्या घरी गेले, पण तोवर ऋतुराज मोठा झाला होता आणि त्याला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता.

बरं, त्यांची मराठी म्हणावी तर लिंगाचा पत्ता नाही. चहा झाली, भाकरी केला, पाऊस आली. बावीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवल्या. तिथल्या बायकांत तेलुगू, कानडी, दखनी सगळंच बोललं जायचं, त्याचा हा परिणाम. माझा जीव वर-खाली व्हायचा. एकदा प्रार्थनासभेत त्या डोळे मिटून म्हणाल्या, प्रभू, तू किती चांगली हाय. सभा संपल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की निदान देवाशी बोलताना तरी पुल्लिंग वापरत जा. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"बाई, देव काय तुमच्या वर्गात बसलीय व्हय? त्याला कळतंय की."

आमच्या चर्चच्या महिला मंडळाची मी चिटणीस. गुरुवारी आम्ही पाच-सहा जणी आजारी, अडचणीत असलेल्यांच्या घरी जातो, गाणं म्हणतो, प्रार्थना करतो. खरं सांगायचं तर लोक वाट बघायचे ती सावित्रम्मांची, आमची नाही. त्या डब्यातलं उप्पीट पुढं ठेवायच्या, आजाऱ्याचे पाय चेपत गावभरच्या गप्पा मारायच्या आणि उठताना दोन वाक्यांची प्रार्थना करायच्या. माझी प्रार्थना वीस मिनिटांची. तिला प्रस्तावना असते, मुद्दे असतात, समारोप असतो. एका घरी माझं 'आमेन' होईपर्यंत आजारी माणूस घोरायला लागला होता. सावित्रम्मा त्याच्या बायकोला म्हणाल्या, बघा बाईंचा गुण, गोळी लागलाच न्हाय.

गेल्या ऑगस्टात एका सकाळी चहाचं पातेलं उतरवताना त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. दहा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी सून रेश्माला आणि मला समोर बसवून सांगितलं, की पहिले तीन महिने महत्त्वाचे. व्यायाम झाला, बोलायचा प्रयत्न झाला, तर बरंच परत येईल. पेशंटनं हाय खाल्ली, मनानं सोडून दिलं, तर मग अवघड आहे. ऋतुराज मोहोळच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर असतो, त्याचा दिवस तिकडंच जातो. रेश्मा मूळची वैरागची, माझ्या ओळखीच्या घरातली. मी तिला म्हटलं, तू औषधपाणी बघ, धीर द्यायचं काम माझ्याकडं सोड.

आणि घरी आल्यावर पाचव्या दिवशी सावित्रम्मा बोलल्या. मी उशाशी बसून प्रार्थना करत होते, बारा-पंधरा मिनिटं झाली असतील, आणि त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठांतून स्पष्ट शब्द आला, "चालू."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वाचा गेलेली बाई म्हणतेय चालू, म्हणजे प्रार्थना चालू ठेवा. मी ठेवली, आणखी पंधरा मिनिटं. त्या पुन्हा म्हणाल्या, चालू, चालू, आणि डावा हात वर केला, तळवा उघडा, आमच्याकडं देवाची स्तुती करताना करतात तसा. रेश्माला रडू फुटलं, मलाही फुटलं. त्या दिवशी मी पाऊण तास प्रार्थना केली. एवढी लांब मीसुद्धा आयुष्यात कधी केली नव्हती.

दुसरा शब्द काही येईना, पण हा एक पक्का होता. उप्पीट भरवताना त्या म्हणायच्या चालू, आणि रेश्मा आणखी चार घास भरवायची. व्यायाम करून घेणारे बसवेश अक्कलकोटकडचे, मोठे उत्साही. पाय उचलताना सावित्रम्मा म्हणाल्या चालू, की ते म्हणायचे, वा आज्जी, याला म्हणतात हिंमत, आणखी दहा वेळा. पाळकसाहेबांनी तर रविवारच्या उपदेशातच हा शब्द घेतला. आपल्या सगळ्यांचे हातपाय धड, तरी आपण कुरकुरतो, आणि ती माउली अंथरुणावरून म्हणतेय चालू, असं ते म्हणाले, आणि अख्ख्या चर्चनं डोळे पुसले. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी सावित्रम्मांचा हात वर केलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'चालू'. त्यावर पहिली फुलं मी टाकली.

एक गोष्ट मात्र मला आतून खटकत होती. जिची उमेद अशी जबरदस्त, ती बाई दिवसेंदिवस वाळत का चाललीय? दुपारभर त्या भिंतीकडं तोंड करून पडायच्या. घास गालात धरून ठेवायच्या. व्यायामाला अंग सैल सोडून द्यायच्या. मी प्रार्थनेला बसले की डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. मला वाटायचं, किती तल्लीन होतात. दोन महिने होऊन गेले तसे बसवेश मला बाहेर बोलावून म्हणाले, की आज्जींनी मनातून सोडून दिलंय असं वाटतं, आता त्या तीन महिन्यांतले थोडेच दिवस उरलेत. माझी पाचावर धारण बसली. आणि मी यावर काय उपाय काढावा? प्रार्थना दिवसातून दोनदा सुरू केली. आता बोला.

त्या बुधवारी व्यायामाला दवाखान्यात नेणारा नेहमीचा रिक्षावाला गावाला गेला होता, म्हणून चांदसाब आले. त्यांची बायको मुमताज कारखान्यात सावित्रम्मांच्या शेजारच्या मशीनवर बसायची, तिनंच त्यांना पाठवलं होतं. मी सावित्रम्मांना कवेत धरून मागं बसले. सात रस्ता चौकाच्या अलीकडं रस्ता उकरून ठेवलेला, रिक्षा दणादण आदळायला लागली. सावित्रम्मा म्हणाल्या, चालू. चांदसाबनी रिक्षा कडेला घेतली आणि बंदच केली.

थांबलात का, मी विचारलं. अम्मा थांबा म्हणत्यात की, ते म्हणाले. मी जरा वर्गातल्या आवाजात सांगितलं, की त्या चालू म्हणतायत, चालू म्हणजे चालू, आणि आम्हाला उशीर होतोय. चांदसाब पूर्ण मागं वळून बसले.

"बाई, ते तुमचं मराठीतलं. अम्मा तेलुगूत बोलायल्यात. चालु म्हंजे पुरे. बस झालं."

तीस वर्षं अशोक चौकात रिक्षा लावणारा माणूस तो, तेलुगू त्याला घरच्यासारखं येतं. मला पटेना, तसं त्यानं मला दोन्ही शब्द म्हणून दाखवले. आमचा चालू शेवटाला लांबतो, त्यांचा चालु तिथंच तुटतो. ऱ्हस्व. बत्तीस वर्षं मी हाच फरक पोरांच्या डोक्यात घातला, आणि दोन महिने माझ्या कानाशी म्हटलेला मला ऐकू आला नाही.

दोन महिने ती बाई प्रत्येक घासाला पुरे म्हणत होती आणि आम्ही वाढत होतो. प्रत्येक व्यायामाला पुरे म्हणत होती आणि बसवेश आणखी दहा मोजत होते. माझ्या प्रत्येक प्रार्थनेला पुरे म्हणत होती, हात वर करून थांबवत होती, आणि आम्ही त्या हाताचा फोटो काढला. झटक्यानं तिची चाळीस वर्षांची मराठी पुसून नेली होती, लहानपणचा एक शब्द मागं ठेवला होता, आणि तोही आम्ही तिच्याच विरुद्ध वापरला. ऐकलेलं तिला सगळं कळत होतं. नुसतं सांगता येत नव्हतं.

चांदसाब तिच्याशी तेलुगूत काहीतरी बोलले, हळू आवाजात. सावित्रम्मांनी डाव्या हातानं त्यांची बाही धरली आणि त्या जे रडायला लागल्या, ते लहान पोर रडावं तसं, आवाज काढून. मागून बस हॉर्न वाजवत होती. चांदसाबनी मला न विचारताच रिक्षा घराकडं वळवली आणि म्हणाले, आज व्यायाम राहू द्या.

रेश्माला सांगितलं तर तिनं भरवायला आणलेलं उप्पीट उचलून आत नेलं. मंडळात वळसंगची एक बाई आहे, तिला फोन केला, की तुला कानडी येतं, तुला तरी कळायला नको होतं का? ती म्हणाली, आमच्यात पुरेला साकु म्हणतात, मला काय ठाऊक. म्हणजे अख्ख्या मंडळात आम्ही सगळ्या एकापेक्षा एक. संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडं गेले. त्यांनी ऐकलं आणि आधी हसूच आवरेना त्यांना, मग उपदेश आठवला असावा, चष्मा काढून पुसायला लागले.

मी म्हटलं, साहेब, ती विश्वासातून ढळली का हो? ते म्हणाले, छे. पवित्र शास्त्रातला एक मोठा संदेष्टासुद्धा रानात झुडपाखाली बसून देवाला म्हणाला होता, की आता पुरे, मला ने. देवानं त्याला व्याख्यान दिलं नाही. झोपू दिलं, उठवून भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

"ती पुरे देवाला म्हणत होती, बाई. मधेच उत्तरं तुम्ही-आम्ही देत होतो."

घरी येऊन मी खूप रडले. स्वतःचा रागही आला. धीर द्यायचं काम माझ्याकडं, असं मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, आणि बाईला साधं थांबूसुद्धा दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना केली नाही. दुधात भाकरी कुस्करून नेली आणि भरवायला बसले. पाचव्या घासाला सावित्रम्मा म्हणाल्या, चालु. मी वाटी खाली ठेवली. त्या वाटीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. मी म्हटलं, सावित्रम्मा, चुकलं माझं, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, पोरांना धरायला लावायची तसे. उठाबशाही काढणार होते, पण गुडघे तयार नव्हते. अर्ध्या उठलेल्या मला पलंगाची कड धरून परत बसताना बघून त्यांच्या चेहऱ्याचा डावा भाग हलला. त्या हसत होत्या. अर्धंच तोंड हसत होतं, पण पलंग गदगदा हलत होता. अर्ध्या तासानं त्यांनी डाव्या हातानं वाटी स्वतःच पुढं ओढली आणि उरलेली भाकरी संपवली.

त्यानंतर खाणं सुधारलं. थांब म्हटल्यावर माणसं थांबतात हे कळलं, की माणूस आपणहून चार पावलं जास्त जातो, हे मला पासष्टाव्या वर्षी समजलं. बसवेशना सांगितल्यावर ते बिचारे इतके ओशाळले, की पहिले दोन दिवस पाय उचलायलाच धजावेनात. सावित्रम्मांनीच त्यांच्या हाताला चापट मारून सुरू करायला लावलं. ग्रुपवरचा फोटो मी काढायला लावला. रेश्मा दाबून ठेवलेलं हसू दिवसभर हसत होती.

पण बोलणं नाही. नवा शब्द म्हणून नाही. आणि कुणी प्रार्थनेचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा, मान भिंतीकडं वळायची. तिथं माझा जीव टांगणीला लागला. जी बाई देवाशी शेजारणीशी बोलावं तसं बोलायची, तिला मीच प्रार्थना नकोशी करून ठेवली असेल तर? हातपाय काय, आज ना उद्या येतील. हे गेलं तर ते मी कुठून आणून देणार होते?

मी चांदसाबना गाठलं आणि म्हटलं, मला तेलुगूत एकच वाक्य शिकवा, देव तुमच्याबरोबर आहे. त्यांनी सांगितलं, देवुडु मीतो उन्नाडु. मीतो म्हणजे तुमच्याबरोबर. मी तिथंच हरकत घेतली. म्हटलं, अहो, हे मराठी कानाला 'देव? मी तो' असं ऐकू येतंय, हे माझ्या तोंडून कसं जाणार? चांदसाब पोट धरून हसले आणि म्हणाले, वरच्याला सगळ्या भाषा कळत्यात बाई, तुमी म्हणा बिनधास्त. रिक्षा उभी करून त्यांनी माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, दोनदा तर शाळेतल्या मास्तरासारखे वैतागलेसुद्धा. मी वाक्य चिठ्ठीवर लिहून घेतलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं, आणि दोन दिवस गॅसपाशी उभी राहून घोकत होते. मुलगी म्हणाली, आईला काय झालंय.

गुरुवारी दुपारी गेले. रेश्मा स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगाची चटणी वाटत होती. मी पलंगाशी बसले, हात जोडले, तशी सावित्रम्मांनी मान वळवून डोळे मिटून घेतले. कपाळावर आठी. मी प्रस्तावना केली नाही.

"देवुडु," मी म्हटलं.

त्यांचे डोळे उघडले. मान हळूहळू माझ्याकडं वळली.

"देवुडु मीतो," मी म्हटलं, आणि तिसरा शब्द गेला. साफ गेला. पाठांतर विसरलं म्हणून ज्या बाईनं पिढ्यान्‌पिढ्या पोरं बाकावर उभी केली, तिचं डोकं पाटी पुसल्यासारखं कोरं. चष्म्याची डबी घरी राहिलेली. मी पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, देवुडु मीतो. पुन्हा अडले. पुन्हा म्हटलं. माझे कान गरम झाले. सावित्रम्मा माझ्या तोंडाकडं बघत होत्या, डाव्या हाताची बोटं चादरीवर अधीर होऊन आपटत होती. त्यांचे ओठ हलायला लागले. एकदा नुसती हवाच आली. कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठ झाली, आणि त्या म्हणाल्या,

"उन्नाडु."

मी म्हटलं, काय? खरंच, गडबडून तेवढंच म्हटलं मी. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी ढ पोरांकडं बघायची. दम घेतला, आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवून म्हणाल्या, "उन्नाडु." मग त्यांनी आपणहून डोळे मिटले. आठी गेली होती. तिसऱ्यांदा म्हणाल्या ते मला नव्हतं, ते फार हळू होतं, आणि त्यांचा चेहरा जुन्या सावित्रम्मांचा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी एक शब्दही मधे घातला नाही.

मिक्सर बंद झाला. रेश्मा चटणीचा हात तसाच घेऊन दारात आली आणि म्हणाली, बाई, आई काही म्हणाल्या का आत्ता?

"आहे म्हणाल्या," मी म्हटलं. "तो आहे, म्हणाल्या."